आओनो स्टेशनवर त्याच्याजवळ कोण होतं

फ्रेजरपुरा, अमरावती
१६ जून २०२४

चि. भावनास,
अ. उ. आ. व जयभीम.

तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी चि. सौ. लिहायची हाताला सवय. आज हात त्या जागी अडला. चि. तेवढं ठेवलं. ते तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

फोनवर बोलावं तर माझ्या कानांनी राजीनामा देऊन वर्षं झाली. तू ओसाक्याहून एक विचारतेस, मी अमरावतीहून दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देतो, आणि तुझी सासू मधल्यामधे हसते. हसत असे. आता फोन वाजला तरी उचलत नाही. म्हणून जुनाच मार्ग धरला. मास्तरकी संपली तरी शाईचा पेन अजून चालतो.

इकडे ऊन अजून ओसरलं नाही. शेजारची दीपमाला अंबाडीची भाजी नाहीतर भाकरी घेऊन येते, आणि तुझ्या सासूनं, आशानं, दोन घास खाल्ल्याशिवाय उठत नाही. अकोल्याला तुझ्या आईकडे मागच्या आठवड्यात जाऊन आलो. त्यांचं म्हणणं, पोरीला आता परत बोलवा. मी म्हटलं, तिची नोकरी आहे, वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं तिच्या भरवशावर आहेत, तिचं तिला ठरवू द्या. त्यांना पटलं असं वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. लिहू की नको करत बरेच दिवस घालवले. एप्रिलमध्ये तू प्रीतमच्या अस्थी घेऊन आलीस तेव्हा आम्ही तुला काही विचारलं नाही. तुझा चेहरा पाहूनच विचारलं नाही. आम्हाला एवढंच माहीत, की मार्चमधल्या त्या सकाळी कारखान्यात जाताना त्याला घराजवळच्या स्टेशनवर छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सारं आटोपलं. चौतिसाव्या वर्षी. पण आशाचं समाधान होत नाही. रोज चहाच्या वेळी माझ्या कानाशी येऊन एकच विचारते, त्याच्याजवळ कोण होतं? तोंडात कोणी घोटभर पानी टाकलं का? मी सांगतो, एवढं मोठं शहर, सकाळची वेळ, माणसं असतीलच. तर म्हणते, माणसं असनं येगळं आन् जवळ असनं येगळं.

तुला काही ठाऊक असेल तर कळव. नसेल तर तसं कळव.

माया आहेच, ती पत्रात लिहून वाढत नाही.
तुझा,
बाबा


ओसाका
७ जुलै २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावरचं तुमचं वळणदार अक्षर पाहून घरमालकीणबाईंनी ते चित्र समजून दोन्ही हातांनी आणून दिलं. जवसाची चटणी अजून पुरते आहे, आईंना सांगा. इथल्या भातावर घालून खाते. प्रीतम असता तर एव्हाना डबा धुऊन ठेवावा लागला असता.

बाबा, आईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मीच ते कोणाला विचारलं नाही. त्या दिवशी मला दवाखान्यातून फोन आला, मी गेले, पुढचं सगळं त्याच्या कारखान्यातल्या लोकांनी केलं. पोलिसांनी काही सांगितलं होतं, जवळ एक म्हातारी बाई होती असं काहीतरी. मी मान हलवली असेन. कानांत काही शिरत नव्हतं.

आणि आणखी एक. तेव्हापासून मी आओनो स्टेशनवर पाय ठेवलेला नाही. आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे ते, पण मी रोज पुढच्या स्टेशनापर्यंत पायी जाते आणि तिथून गाडी धरते. कामावरच्या बायकांना वाटतं, वजन कमी करण्यासाठी चालते. वाटू देते.

त्याला मात्र ते स्टेशन फार आवडायचं. ओसाक्याची मोठी स्टेशनं म्हणजे जमिनीखालची गावंच. त्यात माणूस हरवतो. आओनो तसं नाही. दोन फलाट, मधून रूळ, पलीकडे लोकांच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे. फाटक पडलं की टणटण घंटा वाजते आणि सायकलवाले गप उभे राहतात. जलद गाड्या थांबत नाहीत, वारा फेकून निघून जातात. फक्त प्रत्येक स्टेशनला थांबणारी साधी गाडी थांबते. तो म्हणायचा, हे माझं अंजनगावचं स्टेशन आहे. तुमची बदली अंजनगाव सुर्जीला होती तेव्हा तुम्ही त्याला शकुंतला गाडी पाहायला न्यायचात ना? मी चिडवायचे, कुठं ती धापा टाकणारी शकुंतला आणि कुठं ही चकचकीत गाडी. तर म्हणे, गाडीचं नाही सांगून राहिलो, थांबण्याचं सांगून राहिलो.

आईंना सांगा, मी विचारून येईन. थोडा वेळ द्या.

तुमचा हात डोक्यावर आहे हे इतक्या लांबूनही कळतं, तो तसाच असू द्या.
तुमची,
भावना


फ्रेजरपुरा, अमरावती
४ ऑगस्ट २०२४

चि. भावनास,
अ. उ. आ. व जयभीम.

नको जाऊस. तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. आशाचा प्रश्न मी तुझ्या गळ्यात घातला. ज्या फलाटाकडे पाहवत नाही तिथं जाऊन चौकशी कर म्हणणारा मी कोण?

आशाला मी सांगितलं, की भावनाला काही माहीत नाही. ती म्हणाली, तिले म्हणा चालता चालता ऊन लागू देऊ नको, डोक्याले रुमाल बांधजो.

पावसानं कालपासून उघडीप दिली आहे. चिखलदऱ्याची कॉफी पाठवतो आहे. ओळखीच्या एका शिक्षकाच्या मळ्यातली आहे. जपानी लोकांना दाखव, की वऱ्हाडातही डोंगर आहेत.

काळजीचा भार आमच्यावर सोड.
तुझा,
बाबा


ओसाका
१ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात तरी मी गेले. कॉफी मिळाली. तीच थोडी पुडीत बांधून बरोबर नेली. रिकाम्या हातानं कसं जायचं?

रविवारी सकाळी गेले. गर्दी नव्हती. स्टेशनातल्या माणसाला प्रीतमचं नाव सांगितलं तर त्यानं टोपी काढली. त्या दिवशी तोच कामावर होता. छातीला विजेचा धक्का देण्याचं यंत्र त्यानंच धावत आणलं होतं. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्याकडून कळलं, की जवळ होत्या त्या आजी रोज या स्टेशनवरून जातात. नाव मी सांगू शकत नाही, पण तुमचा निरोप देतो, म्हणाला. मी निरोप आणि कॉफीची पुडी ठेवून आले. दोनच दिवसांत आजींचा फोन आला, फलाटावरच भेटू म्हणून.

त्यांचं नाव ओकुदा. ऐंशीच्या घरातल्या. पाठीतून वाकलेल्या, पण लिपस्टिक व्यवस्थित. त्यांचे यजमान दोन स्टेशनं पलीकडच्या एका वृद्धाश्रमात आहेत, माणसं ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी आजी रोज एक गोड पाव घेऊन जातात. आत लाल दाण्यांचं पुरण असतं. बायको ओळखू येत नाही, पण पाव ओळखतात, असं सांगून त्या हसल्या.

मग त्यांनी मला तो बाक दाखवला. बाबा, बाक निळा आहे. का कोण जाणे, मला वाटत होतं राखाडी असेल.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. प्रीतम त्यांच्या शेजारी येऊन बसला. घामानं शर्ट भिजला होता. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का. तो बोलला नाही, छातीवर हात ठेवला. त्यांनी मदतीचं बटण दाबलं, परत येऊन त्याचा एक हात हातात घेतला आणि रुग्णवाहिकेचे लोक येईपर्यंत सोडला नाही. म्हणजे आईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जवळ कोणी होतं. अगदी जवळ होतं.

आणि तो बोलला. दोन-तीनदा एकच. आजी म्हणाल्या, तुमच्या यजमानांचं जपानी छान होतं हो, इतक्या दुखण्यातही माझ्या भाषेत बोलले. मी विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, पान. पान नी.

जपानीत पावाला पान म्हणतात, बाबा.

आजींना वाटलं, पोरगा उपाशी घराबाहेर पडला, म्हणून चक्कर आली. त्यांनी यजमानांसाठी घेतलेला पाव पिशवीतून काढला, कागद सोडला आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिला. त्यानं पावाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, मान वाकवली आणि तो हातात धरून ठेवला. खाल्ला नाही. मग मान खाली गेली.

पाण्याला जपानीत मिझू म्हणतात. प्रीतमला ते पहिल्या आठवड्यापासून येत होतं, हॉटेलात रोज मागायचा. पण त्या वेळी त्याच्या तोंडी तुमच्या घरातलाच शब्द आला. लग्नानंतर मी त्याला किती चिडवायचे, इंजिनिअर झाला तरी पाणी म्हणता येत नाही, पानीच म्हणतो.

आजींच्या त्याच पिशवीत चहाची बाटली होती, ती रोज असते. त्यांनीच माझ्यासमोर काढून मला प्यायला दिली.

त्या मला विचारत होत्या, घरून न खाता निघाले होते का हो? मग म्हणाल्या, निदान मागितलं ते हातात तरी देता आलं, या एका गोष्टीवर मला इतके महिने झोप लागते आहे. मी म्हटलं, हो, त्याला पाव फार आवडायचा.

मी नर्स आहे. पाणी मिळालं असतं तर तो वाचला असता असं अजिबात नाही, हे मला कळतं. आईंना हे कसं सांगायचं ते मात्र कळत नाही. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. एकीचं उत्तर चांगलं आहे. दुसरीचं तुम्हीच ठरवा. आजींनी पाणी पाजलं असं तुम्ही सांगितलंत तर मीही तेच म्हणेन.

तिथून कामावर जाताना मी त्याच फलाटावरून गाडी धरली. आजींनी हात धरला होता.

इतकं सगळं तुमच्या अंगावर टाकते आहे, पण दुसरं टाकणार कोणावर?
तुमची,
भावना


फ्रेजरपुरा, अमरावती
२९ सप्टेंबर २०२४

चि. भावनास,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र घेऊन मी मागच्या अंगणात गेलो. एकट्यानं वाचलं. वाचून झाल्यावर ठरवलं, की आशाला पाणी पाजलं असंच सांगायचं. एक घोट, त्या बाईनं, स्वतःच्या हातानं. मनात वाक्य जुळवत घरात आलो, तर आशा चुलीपुढे बसली होती आणि दीपमाला तिची पाठ चोळत होती.

भावना, मी वाचताना पुटपुटतो. निदान मला वाटत होतं की पुटपुटतो. दीपमालानं मला पाटीवर लिहून दाखवलं, की काका, तुमचं सगळं पत्र आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. बहिऱ्या माणसाला गुपित ठेवता येत नाही हे मला या वयात कळलं.

आशा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणत राहिली, पिशवीत चहा होता न, पिशवीतच होता न.

मी तिला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. तिला माहीत आहे, तरी सांगितली. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या शेतात राबून आलेला माझा बाप विहिरीवर ओंजळ करून उभा राही आणि पाणी भरणारे त्याच्याकडे न पाहता घागरी उचलून निघून जात. तो तासभर पाणी पाणी म्हणायचा. त्या गावात मराठी न समजणारं एकही माणूस नव्हतं. आणि या बाईला आपला शब्द कळला नाही, तर तिनं जवळ होतं ते दिलं. मी म्हटलं, आशा, यातला फरक पाहा. ती म्हणाली, फरक तुमाले दिसते मास्तर, मी माय हावो.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. खरं तूच आणायचं होतं, ते तू आणलंस. ते पेलायचं काम आमचं.

तुला आठवत बसलेला,
बाबा


अमरावती
२० आक्टोबर २०२४

भावना पोरी,
तुले जयभीम आन् लय लय आशीर्वाद.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राहिली. बाबाले लिहाले नाही सांगितलं, कावून का ते माह्या बोलण्यात आपलं व्याकरण घालतात. साक्षरतेच्या वर्गात शिकली तेवढंच येते. अक्षर वाकडं हाये, समजून घेजो.

औंदा दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेली नाही. मन नाही झालं. घरीच मेणबत्ती लावली, वंदना घेतली.

पहिले मले त्या बुढीचा लय राग आला. तुले खोटं कायले सांगू. डोये मिटले का मले ते चहाची बाटली दिसे. दीपमाला रोज भाकर घेऊन ये. एक दिवस मले भूक नोती, तरी तिनं आणली म्हून घेतली आन् नुसती हातात धरून बसली. तवा मले वाटलं, माह्या प्रीतमनं बी असंच धरलं असन. पाह्यजे होतं येगळं. पण समोरच्यानं मायेनं देलं, ते खाली कसं टाकाव म्हून धरलं असन. मान बी वाकवली म्हणतं न तू. लहानपणापासून तसाच होता तो, कोणाचं मन मोडत नोता.

त्या बुढीनं आपल्या नवऱ्याच्या वाटचा घास काढून माह्या लेकाले देला. त्याच्या तोंडात पानी नाही पडलं हे मले जल्मभर लागन. पण तो रिकाम्या हातानं नाही गेला.

तिले खरं सांगू नोको. माह्या पोटात हाये ते माह्याच पोटात राहू दे, तिच्या पोटात कायले टाकतं. तिले बी झोप लागली पाह्यजे न बाप्पा, म्हतारी हाये.

तिले एक दिवस घरी जेवाले बोलाव. झुणका भाकर कर, तिकडं जवारी भेटत नसन तर पोळ्या कर. आली का पहिले पान्याचा गिलास हातात देजो, मंग बाकीचं. ती आपल्या घरची रीत हाये.

तुही माय फोन करते, पोरीले बोलवा म्हणते. मी म्हणलं, तिले वाटन तवा येईन, दोन्ही घरं तिचेच हायेत.

जपून राह्य. मले तू पाह्यजे आता.
तुही सासू नाही, माय,
आशाबाई


ओसाका
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आईंस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी जवळ घेऊन झोपते. अक्षर वाकडं नाही, आई. मला एकही शब्द अडला नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. मागच्या रविवारी ओकुदा आजींना जेवायला बोलावलं. आओनो स्टेशनवर आणायला गेले, तर त्या यजमानांना भेटून आधीच्याच गाडीनं परत येऊन फाटकापाशी उभ्या होत्या. हातात फुलं होती आणि नवीन मोजे घातले होते, बूट काढायचे म्हणून. प्रीतमच्या फोटोसमोर बसून खूप वेळ हात जोडले. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिले.

मग रीतीप्रमाणे आधी पाण्याचा ग्लास हातात दिला. सांगितलं, की माझ्या सासूबाईंनी तुम्हाला आधी हे द्यायला लावलं आहे, आमच्याकडे घरात आलेल्या माणसाला हेच पहिलं देतात. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी कपाळाला लावला. पण प्यायल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुमचे यजमान शेवटी माझ्या भाषेत बोलले. परक्या भाषेत बोलले, माझ्यासाठी. तेव्हापासून मनात आहे, की मलाही त्यांच्या भाषेतला एक तरी शब्द यायला पाहिजे. आणि ग्लासाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

आई, त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. शाळेतल्या मुलीसारख्या, शब्द नीट ऐकून घ्यायला पुढे वाकून. शब्द माझ्या ओठांवर आला होता. दुसरं काही सुचत नव्हतं. सुचलं तेव्हा म्हणाले, जल.

त्यांना ल म्हणता येत नाही. जारु, जारु असं त्यांनी चार वेळा म्हणून पाहिलं, मग ग्लास एका दमात रिकामा केला आणि मला विचारलं, बरोबर आलं का?

मी म्हटलं, अगदी बरोबर आलं.

दर रविवारी त्या येणार आहेत. दारातूनच जारु मागणार, म्हणाल्या. मी देईन, आई. बाबांना हे पत्र वाचायला द्या, पण अंगणात नको.

तुमच्या मायेत मला जागा आहे, एवढ्यावर इथले दिवस निघतात.
तुमची लेक,
भावना